मंडपाचे दोन बांबू

मुलुंड (पूर्व)
१४ ऑक्टोबर २०२४

ती. चंदूआजोबांस,
प्रांजलचा सा. न. वि. वि. हे बाबांना विचारून लिहिलं. शेवटचे दोन 'वि' म्हणजे 'विनंती विशेष' असं ते म्हणाले, आणि ते स्वतः फारसे कॉन्फिडंट नव्हते.

पाकिटात आपट्याचं पान आहे. चुरा झाला असेल तर चुऱ्यालाच सोनं समजा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि स्पीकर लावला की सुगंधाकाकूंच्या अख्ख्या घराला ऐकू येतं, म्हणून पत्र. आयुष्यात पहिल्यांदा मराठीत पत्र लिहितेय. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला फक्त रजेचा अर्ज शिकवला होता, त्यामुळे मधेच 'आपली आज्ञाधारक' आलं तर सांभाळून घ्या.

तर विषय असा. आपल्या नवप्रभात कॉलनीला पन्नास वर्षं होतायत. २६ जानेवारीला मोठा प्रोग्राम आहे आणि मला एक भिंत मिळालीये. हॉलच्या बाहेरची, जिथे सगळे चपला काढतात ती. पण भिंत ती भिंत. मी आणि माझ्या फ्रेंड्सनी ठरवलंय की त्यावर आपल्या बाजूच्या गे, लेस्बियन, ट्रान्स माणसांनी इथल्या लोकांसाठी काय काय केलं ते लावायचं. भाषण नाही, रडगाणं नाही, फक्त कामं. बोरीवलीच्या रेवती आणि अक्षता दोघी एकत्र राहतात, आणि नॅशनल पार्कमधून सोसायट्यांमध्ये शिरलेले साप पकडून परत जंगलात सोडतात. ज्या सोसायटीने त्यांना भाड्याने घर नाकारलं तिथला नागसुद्धा त्यांनीच काढला. देवनारच्या शकुताई ट्रान्स आहेत, त्यांनी वस्तीतल्या कितीतरी पोरींची शाळेत नावं घातली. स्वतः पालक म्हणून सह्या केल्या. भारी ना?

तिसरा बोर्ड तुमचा आणि धोंडूआजोबांचा. आजी गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. गॅलरीतून बघत होते. खाली सगळे फोनवर ओरडत होते, कोण कुठून येतंय, कोण पोचलं, आणि तुम्ही दोघं दोन बांबूंच्या दोन बाजूंना उकिडवे बसून तिरडी बांधत होतात. एक शब्द न बोलता. दोरी याच्या हातातून त्याच्या हातात जात होती. मला रडू आलं नव्हतं, मी ती दोरीच बघत बसले. आता कॉलनीत विचारत फिरले तर एक घर असं सापडलं नाही ज्यांच्याकडे तुम्ही दोघं गेला नव्हतात.

आता सरळ विचारते, रागावू नका. तुम्ही दोघं जोडपं होतात ना? घरात सगळे 'काका आणि त्यांचे मित्र' म्हणतात आणि लगेच भाजी काय केलीये ते विचारतात.

पत्राच्या शेवटी लोभ मागायचा असतो म्हणे. तुमचा माझ्यावर आहे हे मला माहितीये, तरी पद्धत म्हणून मागते.

तुमची,
प्रांजल


वरचीवाडी, ता. देवगड
२७ ऑक्टोबर २०२४

चि. प्रांजल हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पावलं. आज्ञाधारक तू कधीच नव्हतीस, तेव्हा ते लिहू नकोस. तुझं मराठी चांगलं आहे. 'कॉन्फिडंट' मला कळतं, मी तीस वर्षं औषधाच्या कंपनीत स्टोअर सांभाळलंय.

तू विचारलंस त्याचं उत्तर होय. एकतीस वर्षं. हे कागदावर पहिल्यांदा लिहिलं, आणि लिहून झाल्यावर उठून दार लावून आलो. मग वाटलं, लावून काय उपयोग? सगळ्यांना माहीत असतं गो. विचारत नाहीत एवढंच. तू विचारलंस, बरं वाटलं. भाजी आज लाल माठाची होती.

तिरडीचं म्हणशील तर ते ठरवून झालं नाही. एक्क्याण्णव साली शेजारच्या बिल्डिंगीतली म्हातारी गेली आणि तिच्या तिन्ही मुलांना बांधता येईना. मला गावाकडून येत होतं. धोंडू तेव्हा नुकता माझ्याकडे राहायला आला होता, रंगाच्या कारखान्यात होता. मी त्याला म्हटलं, तू दुसरी बाजू धर. त्याने धरली. तिथून जे सुरू झालं ते झालं.

एक गंमत सांगतो, ही बोर्डावर लिहू नकोस. तिरडीचं सामान कोणी घरात ठेवत नाही. आणि माणूस गेल्यावर बांबू आणायला जावं तर दोन तास जातात. धोंडूने डोकं चालवलं. गणपतीच्या मंडपाच्या बांबूंतले दोन सरळ बघून पंपाच्या खोलीत मागे सरकवून ठेवायचे. कोणी विचारलं तर मंडपाचे. वापरले की पुढल्या वर्षी आणखी दोन. दर भाद्रपदात मंडपवाला दोन बांबू कमी भरले म्हणून पैसे मागायचा आणि कमिटी भांडायची, तूच कमी आणलेस. तो बिचारा पोरांच्या शपथा घ्यायचा, आणि आम्ही दोघं पुढे उभे राहून त्याला सगळ्यात जास्त झापायचो.

मग त्याला विसरायला व्हायला लागलं. आधी चावी, मग गॅस, मग रस्ता. मी सांभाळत होतो. बावीस साली मी जिन्यावरून पडलो, खुबा मोडला. त्याच आठवड्यात हॉस्पिटलातून मला पुतण्याने आणि सुगंधाने इकडे आणलं आणि त्याला त्याचा भाचा घेऊन गेला. लग्न उरकल्यावर ज्याची भांडी तो घेऊन जातो ना, तसं. त्याच्या माणसांकडे मी कधी गेलो नव्हतो, त्यामुळे कुठे नेला, मला ठाऊक नाही. दोन वर्षं झाली.

बोर्ड तुला हवा तर लाव. मला एकच हवं. आमच्यात ठरलं होतं, मागे राहील त्याने दुसऱ्याची बांधायची. तो कुठे आहे तेवढं शोध. आणि त्याचं काही झालं तर मला कळवतील एवढा त्याच्या माणसांकडून शब्द घे. वॉकर घेऊन येईन. पाय गेले, हात आहेत.

माझा लोभ मागायची गरज नाही. तू तुझा सांभाळ, वय तसं आहे.

तुझा,
चंदूआजोबा


मुलुंड (पूर्व)
२४ नोव्हेंबर २०२४

ती. चंदूआजोबांस सा. न. वि. वि.

सापडले. घाटकोपरला आहेत. आता बसून वाचा, मी सगळं नीट सांगते.

रंगाच्या कारखान्यातल्या एका जुन्या माणसाकडून नंबर मिळाला. भाचा म्हणजे प्रितमदादा, शाळेत गणित शिकवतात. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले रविवारी जेवायलाच ये.

घरी त्यांची आई द्रौपदीआजी, म्हणजे धोंडूआजोबांची मोठी बहीण. ऐंशीच्या आहेत, आवाज खणखणीत. मी तुमचं नाव काढताच म्हणाल्या, आमचं पाव्हणं कसं हायत, पडलं व्हतं न्हवं? मला वाटलं दुसऱ्या कोणाबद्दल विचारतायत. मग त्यांनी कपाटातून दोन शर्टपीस काढून दाखवले, एकाच कापडाचे. गेल्या दिवाळीचे. म्हणाल्या, दर साली दोन घेते, एक भावाला, एक पाव्हण्याला, आता पाव्हण्याचं पोचवायचं कुठं ते कळंना. आजोबा, त्यांना सगळं माहितीये. नेहमीच माहिती होतं. मी तिथेच रडले, प्रितमदादांच्या मुलीने, प्रियंकाने, मला पाणी दिलं. ती कॉलेजला आहे, एकदम कूल मुलगी.

तुमचा शर्टपीस पार्सलने पाठवतेय.

धोंडूआजोबा बारीक झालेत. बोलत नाहीत. पण हात थांबत नाहीत. पडद्याची दोरी, उशीची नाडी, जे मिळेल ते खुर्चीच्या दांड्याला बांधतात, एका झटक्यात सोडतात, परत बांधतात. द्रौपदीआजी कौतुकाने म्हणाल्या, मुलुंडात लई मंडप बांधलं ह्यानं, हाताला सवय हाय. म्हणजे त्यांना मंडपच सांगितलंय. किती क्यूट ना.

मी तुमचं नाव त्यांच्या कानाशी घेतलं. त्यांनी बघितलं नाही. पण नाडीचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि मी काहीतरी करीन याची वाट बघत ते बसून राहिले.

प्रितमदादांनी शब्द दिलाय. म्हणाले, मामाचं काही झालं तर पहिला फोन मुलुंडला, आणि चंदूमामा येईपर्यंत थांबू, कितीही वेळ लागो. आणि २६ जानेवारीला ते सगळे प्रोग्रामला येतायत, धोंडूआजोबांना घेऊन. बाबा २४ तारखेला गाडी घेऊन तुम्हाला आणायला येतील. तुम्ही भेटणार. मी कॅलेंडरवर गोल केलाय.

खूप खूप लोभ, माझ्याकडून आगाऊ,
प्रांजल


वरचीवाडी
८ डिसेंबर २०२४

चि. प्रांजल हिस अनेक आशीर्वाद.

नाडीचं वाचलं आणि पत्र ठेवून पडवीत चार फेऱ्या मारल्या. सुगंधा म्हणाली, डॉक्टरांनी दोनच सांगितल्यात. पुढचं रात्री जेवल्यावर वाचलं.

शर्टपीस मिळाला. निळा बारीक चौकडा, दर दिवाळीला धोंडू आणून द्यायचा तसलाच. इथे तालुक्याचा शिंपी आखूड शिवतो, तरी टाकलाय. २६ ला घालीन.

प्रितमने शब्द दिला ना? झालं. मला आता दुसरं काही नको.

एक मात्र. द्रौपदीआक्काला मंडप वाटतंय तर मंडपच वाटू दे. बोर्डावरही मंडपच लिही. धोंडूने मला एकदा सांगितलं होतं की घरी हे कळलेलं चालणार नाही. मी का म्हणून विचारलं नाही. बाकी आमचं दोघांचं काय लिहायचं ते लिही, त्याची आता मला भीती नाही.

लोभ पुरेसा आहे, आगाऊ पाठवू नकोस, वाटेत गहाळ होतो.

चंदूआजोबा


मुलुंड (पूर्व)
५ जानेवारी २०२५

ती. चंदूआजोबांस सा. न. वि. वि.

कमिटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी राजेशकाका म्हणाले, 'जोडीदार' कशाला, 'दोन जिवलग मित्र' लिही, लहान मुलं वाचतात. मी म्हटलं, लहान मुलं तुमच्या घरातली सिरियल बघतात त्यात प्रत्येकाची तीन लग्नं आहेत. सगळे हसले आणि 'जोडीदार' पास झालं. आजोबा, नवप्रभात कॉलनीच्या भिंतीवर 'जोडीदार'. मला अजून खरं वाटत नाही.

मंडपाचं तुम्ही लिहिलंत ते मी दहा वेळा वाचलं. पण नाही जमत. तुम्ही इतक्या लोकांना शेवटचं पोचवलंत, आणि भिंतीवर मंडप लिहू? आपण हे करतोय तेच मुळी भाजी काय केलीये विचारणं बंद व्हावं म्हणून. ज्या घरात दर दिवाळीला दोन शर्टपीस येतात त्या घराला या गोष्टीचा अभिमानच वाटेल. त्यांच्यासाठी ते सरप्राइज असू दे. मी द्रौपदीआजींचा चेहरा बघणार आहे.

मजकूर मी स्वतः लिहिलाय. त्यातली माझी आवडती ओळ: 'कोणाच्याही घरून हाक आली की धोंडिराम हातातलं काम टाकून धावत यायचे, कधी एक पैसा घेतला नाही.' सगळ्यात मोठ्या अक्षरात तीच आहे.

२४ ला सकाळी सहाला तयार राहा. शर्ट विसरू नका.

तुमची न ऐकणारी, पण लोभी,
प्रांजल


वरचीवाडी
२१ जानेवारी २०२५

चि. प्रांजल,
आशीर्वाद.

गाडी पाठवू नका, असं पुतण्याने तुझ्या बाबाला फोनवर कळवलंच असेल. भावकीतला बापू काल गेला. बांधावरून आमचं त्याच्याशी वीस वर्षं बोलणं नव्हतं, तो गेला ते मला शेजारच्या वाडीतल्याने सांगितलं. पण भावकी ती भावकी, दहा दिवसांचं सुतक. सुतकात कार्याला जायचं नाही म्हणून पुतण्या अडून बसला. मी म्हटलं, झेंडावंदनाला कसलं सुतक? तर सुगंधा रडायला लागली, पोराचं यंदा लग्न ठरायचं आहे, अपशकुन नको. मी यांच्या घरात राहतो.

धोंडूला सांग, शिमग्यानंतर येतो. त्याला कळणार नाही. तरी सांग.

बोर्डाचं तू ऐकायला हवं होतंस.

चंदूआजोबा


मुलुंड (पूर्व)
८ फेब्रुवारी २०२५

ती. चंदूआजोबांस,

तुम्ही नव्हतात तेच बरं झालं असं आधी वाटलं. आता वाटतं तुम्ही असतात तर तसं झालं नसतं.

ते सगळे आले होते. धोंडूआजोबांनी निळा चौकड्याचा शर्ट घातला होता. गेटातून आत आल्यावर प्रितमदादांचा हात सोडून ते सरळ पंपाच्या खोलीकडे चालत गेले आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले. मी सगळ्यांना दाखवलं, बघा, आठवतंय त्यांना.

द्रौपदीआजींना वाचता येत नाही. प्रियंकाने बोर्ड मोठ्याने वाचून दाखवला. 'जोडीदार'ला आजी हसल्या. मग ती मोठी ओळ आली. आजींनी परत वाचायला सांगितली. प्रियंकाने परत वाचली. मी मोबाइल घेऊन उभी होते, त्यांचा चेहरा शूट करायला. आजोबा, तो व्हिडिओ माझ्याकडे आहे आणि मी तो अजून डिलीट करू शकलेले नाही.

त्यांनी धोंडूआजोबांचा हात कडीवरून काढला आणि चालायला लागल्या. जेवणाची पानं मांडली होती. कोणी थांबलं नाही. मी मागे धावले, सॉरी म्हणत होते, आणि मला कशासाठी सॉरी म्हणतेय तेही कळत नव्हतं. मला वाटत होतं, 'जोडीदार' लागलं असेल.

परवा हे पत्र आलं. तुमच्याबद्दलही आहे म्हणून जसंच्या तसं पाठवतेय.

प्रांजल


घाटकोपर (पूर्व)
३ फेब्रुवारी २०२५

कु. प्रांजल,
सप्रेम जय भीम.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून आईने लिहून कळव म्हणून सांगितलं. लिहितो.

मामा आणि चंदूमामा यांची आम्हाला लाज नव्हती, आजही नाही. तुमच्या भिंतीवरचा तो शब्द ऐकून आई हसली, कारण तिच्या मते तो लिहायला तुम्हाला फार उशीर झाला. राग त्याचा नाही.

माझ्या आज्याकडे गावात मेलेलं जनावर ओढायचं काम होतं. कोणी गेलं की निरोप घेऊन गावोगाव धावायचं, मसणात लाकडं वाहायची. हाक आली की हातातलं टाकून जायचं. जन्माने ठरलेलं, पैसे नाहीत. छप्पन सालानंतर आज्याने सांगितलं, यापुढे नाही. गावाने पाणी तोडलं, दुकान तोडलं. आई अकरा वर्षांची होती. त्या बहिष्कारात तिचा एक भाऊ गेला, औषधावाचून. मामा तेव्हा लहान होता, तो राहिला.

त्या माणसाच्या मुलाबद्दल तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहिलंत की मयताची हाक आली की तो हातातलं टाकून धावत यायचा, एक पैसा न घेता. तुम्हाला त्यात सेवा दिसली. आईला तिचा बाप दिसला.

तुम्ही वाईट हेतूने लिहिलं नाही हे मला कळतं. पण एवढी शिकलेली कॉलनी, एकतीस वर्षं, आणि बांबूची दुसरी बाजू धरायला आमच्याच घरातला माणूस लागला? मामाने ते आमच्यापासून लपवलं. का, ते आता त्याला विचारता येत नाही. माझ्या मुलीने ते चपलांच्या रांगेत उभं राहून वाचलं.

मी शब्द दिला होता. तो परत घेतो. मामाच्या अंगाला आता तुमच्या कोणाची दोरी लागणार नाही. हे चंदूमामांना कळवा. आईने त्यांना वेगळं काही सांगितलेलं नाही.

प्रितम


वरचीवाडी
२० फेब्रुवारी २०२५

चि. प्रांजल,

तू रडत असशील. रड, पण त्याचं पत्र टाकू नकोस. त्यात एक शब्द खोटा नाही.

तू चुकलीस. पण तुझी चूक एका महिन्याची आहे. मी 'तू दुसरी बाजू धर' म्हटलं तेव्हा तो लगेच पुढे आला नव्हता. माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं त्याला मढ्याची भीती वाटते. मी म्हटलं, घाबरतोस काय, ये. मग आला. प्रत्येक वेळी घरी आल्यावर तो नळाखाली कोपरापर्यंत हात धुवत बसायचा, मी चहा गाळून बोलवेपर्यंत. मी म्हणायचो, किती पाणी घालवतोस. एकतीस वर्षं मी त्याच्या शेजारी झोपलो, आणि त्याने ती बाजू कोणासाठी धरली होती ते मला आज एका गणिताच्या मास्तरच्या पत्रातून कळलं. त्याला आवडतं असं मला वाटायचं. मला आवडायचं म्हणून.

सुरुवातीला कॉलनीतली काही माणसं त्याच्याकडून तिरडी बांधून घ्यायची आणि मुखात पाणी घालायला मला पुढे करायची. तेही मी बघितलं होतं. बघून पाणी घालत होतो.

मी आक्काला पत्र लिहिलंय. माफी मागितली नाही, ती कशी मागायची ते कळेना. एवढंच लिहिलं की त्याला मी लावलं, तो आपण होऊन गेला नव्हता. आणि गेला तर कळवा. बांधणार नाही, हातही लावणार नाही, लांब उभा राहीन.

उत्तर आलं तर तुला कळवतो.

चंदूआजोबा


मुलुंड (पूर्व)
३० मार्च २०२५

ती. चंदूआजोबांस,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. फोन करणार होते, पण स्पीकरवर सगळ्या घरासमोर हे तुम्हाला ऐकवायचं नव्हतं.

धोंडूआजोबा गेले. ९ मार्चला, दुपारी. आज एकवीस दिवस झाले. मला काल कळलं. प्रियंकाने मेसेज केला, घरी न सांगता. जलदान विधीही झाला, तोपर्यंत तिने वाट बघितली.

तुम्ही विचाराल म्हणून सगळं तिला विचारलं. झोपेतच गेले. शववाहिनी आली, तिच्यात स्टीलचं स्ट्रेचर असतं, त्यावरून नेलं. विद्युतदाहिनी. बांबू नव्हते. दोरी नव्हती. घरातल्या सगळ्या दोऱ्या २६ जानेवारीनंतर काढूनच टाकल्या होत्या, पडद्यांच्यासुद्धा. मग ते चादरीची टोकं धरून बसायचे, आणि शेजारी जो येईल त्याच्या हातात एक टोक द्यायचे. द्रौपदीआजी ते सोडून घ्यायच्या. प्रियंका म्हणाली, मी एकदा धरलं होतं.

तुमचं पत्र पोचलं होतं. आजींनी ते वाचून घेतलं नाही, पण फाडूही दिलं नाही. त्यांच्या उशाखाली आहे.

माझ्या भिंतीचं काही उरलं नाही. 'वाद नको' म्हणून राजेशकाकांनी फक्त तुमचाच नाही, तिन्ही बोर्ड उतरवले. रेवती आणि अक्षताने मला काही विचारलं नाही, शकुताई म्हणाल्या, सवय आहे गं. तुमचा बोर्ड पंपाच्या खोलीत मोटरवर झाकण म्हणून घातलाय, गळतीचं पाणी पडू नये म्हणून. मागे दोन बांबू अजून आडवे आहेत. बावीस सालचे.

मी आता कशाचाही प्रोग्राम करणार नाही. तुम्ही एकच मागितलं होतं.

लोभ मागायला तोंड नाही.

प्रांजल


वरचीवाडी
११ एप्रिल २०२५

चि. प्रांजल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. दोनदा वाचलं.

बापू गेला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आंघोळी केल्या. आपल्यातलं कोणी गेल्याचं कळलं, कितीही दिवसांनी कळलं, तरी माणूस डोक्यावरून पाणी घेतो, हे तुला तुझ्या बाबाने सांगितलं नसेल. तुझं पत्र वाचून मी बसून राहिलो. सुगंधाने विचारलं, कोण गेलं काय? मी म्हटलं, धोंडू. ती म्हणाली, अगोबाई, आणि चुलीकडे गेली. तिचं चुकलं नाही. तो तिचा कोण?

दुसऱ्या दिवशी शेजारच्याला सांगून बेटातले दोन बांबू तोडून घेतले. त्याने विचारलं, कशाला? मी म्हटलं, मांडवाला. खळ्यात बसून बांधायला घेतली. आक्काला कबूल केलं होतं हात लावणार नाही म्हणून. पण तिथे आता हात लावायला काही नव्हतं. दुसरी बाजू धरायला कोणी नव्हतं, ती वॉकरच्या पायाला बांधली. वॉकर हलत होता. धोंडू हलत नसे. दोन ठिकाणी दोरी सैल राहिली, माझ्याकडून कधी राहत नाही.

सुगंधा पाणी भरायला बाहेर आली आणि किंचाळली. घरात लग्नाची बोलणी चाललीत आणि खळ्यात रिकामी तिरडी. तिला वाटलं मी माझीच बांधून ठेवली. पुतण्या धावत आला आणि ओढायला लागला. मी म्हटलं, ओढू नको, गाठ एका झटक्यात सुटते. दाखवली. सुटली. त्याने बांबू कोयत्याने तोडून न्हाणीच्या चुलीत घातले. ओले होते, धूर फार झाला.

मग त्यावर पाणी तापलं. सुगंधाने हंडा उतरून ठेवला, माझ्याकडे न बघता म्हणाली, काका, पाणी काढलंय. मी डोक्यावरून आंघोळ केली.

प्रांजल, तू रेवती आणि अक्षताकडे एकदा जाऊन ये. बोर्ड लावायला नको, नुसतीच. आणि पंपाच्या खोलीतले दोन बांबू यंदा मंडपवाल्याला परत दे. त्याचेच आहेत. त्याला सांग, चूक आमची होती.

तुझ्यावरचा लोभ आहे तिथेच आहे, तो काढायला मला कोणी शिकवलं नाही.

चंदूआजोबा